स्वस्त आणि सुबक : विल्हेल्म वागेनफेल्डच्या वस्तू

सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवीपर्यंत आपण ज्या वस्तूंना हात लावतो त्यांची एकदा मोजदाद करून पाहा. पेला, किटली, बरणी, मीठदाणी, दिव्याचे बटण, दिव्यावरची काच. यांपैकी प्रत्येक वस्तूला एक आकार आहे आणि तो आकार आपोआप आलेला नाही. बरणीचे तोंड किती रुंद असावे, किटलीची तोटी कोठून निघावी, दिव्याची काच पारदर्शक असावी की दुधी, हे कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलेले असते. पुस्तकावर लेखकाचे नाव असते, चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. बरणीवर कुणाची सही पाहिली आहे का तुम्ही? फार तर कारखान्याचा छाप असतो. ज्याने तिचा आकार ठरवला तो मनुष्य आपल्याला ठाऊकच नसतो, आणि ठाऊक करून घेण्याची आपल्याला गरजही वाटत नाही.

श्रोतेहो, या अनामिक धंद्याला इंग्रजीतून आलेले नाव आहे ‘इंडस्ट्रियल डिझायनर’. यंत्राने, हजारांच्या संख्येने बनणाऱ्या वस्तूचे रूप ठरवणारा तो हा माणूस. विसाव्या शतकात जर्मनीत या धंद्यात ज्यांनी आयुष्य घालवले त्यांत विल्हेल्म वागेनफेल्डचे नाव फार वरचे आहे. त्याचा जन्म १९०० सालचा, मृत्यू १९९० सालचा. म्हणजे जवळजवळ अख्खे शतक त्याने पाहिले. राजे, महाराजे किंवा संग्रहालये यांच्यासाठी त्याने काम केले नाही. चहाची किटली, उरलेसुरले अन्न ठेवायचे डबे, शाईची दौत, मीठ-मिरपूड, स्नानघरातला दिवा, असल्या वस्तूंवर त्याने आपली बुद्धी खर्च केली. वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. पण त्याच्यामागे एक मोठा प्रश्न उभा आहे : चांगली वस्तू आणि स्वस्त वस्तू या दोन निराळ्याच असाव्या लागतात का?

हा प्रश्न यंत्रयुगाने निर्माण केला. पूर्वी कुंभार मडके घडवी, आणि मडक्याचा आकारही तोच ठरवी. कासाराचे तेच, सुताराचे तेच. हात आणि डोके एकाच माणसाचे होते. कारखाना आला आणि ही जोडी फुटली. यंत्र वस्तू बनवू लागले; पण तिचे रूप काय असावे हे यंत्र थोडेच सांगणार? एकोणिसाव्या शतकातल्या कारखानदाराने यावर एक सोपा उपाय काढला. हाताने केलेल्या जुन्या महाग वस्तूची नक्कल यंत्राकडून करवून घ्यायची. कोरीव चांदीसारखा दिसणारा पत्रा, पैलू पाडलेल्या काचेसारखी दिसणारी साच्यातली काच. श्रीमंताच्या घरात खरे आणि गरिबाच्या घरात त्याचे सोंग, अशी ही वाटणी झाली. स्वस्त म्हणजे नकली, हे समीकरण तेव्हापासून लोकांच्या मनात बसले.

वागेनफेल्डने हे सोंग अगदी जवळून पाहिले होते. उत्तर जर्मनीतले ब्रेमेन हे बंदराचे शहर त्याचे गाव. कोवळ्या वयातच तो तिथल्या कोख उंड बेर्गफेल्ड या चांदीच्या भांड्यांच्या कारखान्यात नकाशे काढणाऱ्या विभागात उमेदवारी करू लागला. चमचे, ताटे, त्यांवरची वेलबुट्टी यांची आरेखने करणे हे तिथले काम. पुढे हानाऊ येथील चित्र व सुवर्णकलेच्या शाळेत त्याने शिक्षण घेतले. म्हणजे धातूचे काम त्याच्या हाताखालून गेलेले होते. पत्रा ठोकला की कसा वळतो, डाख कुठे टिकतो आणि कुठे सुटतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढच्या सगळ्या आयुष्याची ही शिदोरी होती.

१९२३ साली तो वायमार येथे बाउहाउस या शाळेत दाखल झाला. वास्तुशिल्पी वाल्टर ग्रोपिउस याने १९१९ मध्ये ही शाळा काढली होती. चित्रकार, मूर्तिकार आणि कारागीर यांना एका छपराखाली आणावे, आणि घर व घरातल्या वस्तू नव्या दृष्टीने घडवाव्या, हा तिचा हेतू. आरंभी तिथे हस्तकौशल्यावर भर होता. १९२३ च्या सुमारास वारे फिरले. कला आणि यंत्रतंत्र यांची एकजूट व्हावी, असे ग्रोपिउस म्हणू लागला. धातुशाळेची सूत्रे त्याच वर्षी हंगेरियन कलावंत लास्लो मोहोय-नॉज याच्याकडे आली. चांदीच्या सुरया आणि दागिने यांच्याऐवजी विद्यार्थी आता दिवे करू लागले.

इथेच १९२४ साली तो प्रसिद्ध मेजावरचा दिवा जन्माला आला. त्याची रचना सांगायला दोन वाक्ये पुरतात. खाली वाटोळी बैठक, तिच्यावर सरळ उभा दांडा आणि माथ्यावर दुधी काचेचे अर्धगोलासारखे टोपण. उंची सुमारे ३६ सेंटिमीटर, टोपणाचा व्यास सुमारे १८. एका प्रकारात बैठक आणि दांडा काचेचे, दुसऱ्यात धातूचे. टोपणाच्या कडेला निकेलचा मुलामा दिलेली धातूची पट्टी, आणि दिवा लावण्या-मालवण्यासाठी लोंबती साखळी. काचेच्या दांड्यातून वीज नेणारी तार गेलेली दिसते. ती लपवलेली नाही.

यात नवे काय, असे आज वाटेल. पण त्या काळच्या दिव्यांची आठवण करावी लागते. विजेचा दिवा येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी त्याला अजून समईचा, मेणबत्तीचा किंवा तेलाच्या दिव्याचा वेष चढवत असत. कुठे पितळेची अप्सरा दिवा हातात धरून उभी, कुठे रेशमी झालरीची छत्री. दुसरीकडे, तापणाऱ्या तारेचे दिवे अधिकाधिक प्रखर होत चालले होते. उघडी तार डोळ्यांना खुपे. दुधी काचेचे कण प्रकाश चोहीकडे विखुरतात. त्यामुळे एका बिंदूतून येणारा झगझगीत प्रकाश सगळ्या टोपणावर पसरतो आणि मऊ होतो. म्हणजे या दिव्यात टोपण ही शोभा नव्हती, ते दिव्याचे कामच होते. वेष उतरवून ठेवलेला विजेचा दिवा, असे त्याचे वर्णन करता येईल.

एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. हा दिवा केवळ एका डोक्यातून निघालेला नव्हे. कार्ल याकोब युकर या स्विस विद्यार्थ्याने त्याच शाळेत आधीच काचेची बैठक आणि काचेचा दांडा यांचे प्रयोग केले होते. काचेच्या प्रकाराला त्यामुळे दोघांचीही नावे जोडली जातात, आणि त्यावरून पुढे वादही झाले. कार्यशाळेत बाकांवर बाक लागलेले असताना कल्पना कुणाची, हे ठरवणे नेहमीच अवघड. पण गंमत अशी की, दिवा महाग झाल्यावर तो वाद पेटला.

महाग म्हटले, ते काही नंतरचेच नव्हे. आरंभीही तो महागच होता. १९२४ मध्येच लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत बाउहाउसने आपल्या वस्तू मांडल्या. वागेनफेल्ड स्वतः तिथे गेला होता. व्यापारी आणि कारखानदार त्या वस्तू पाहून हसले, ही हकीकत त्यानेच पुढे सांगितली आहे. हसण्याचे कारण फार मार्मिक होते. या वस्तू दिसायला यंत्रावर झरझर काढलेल्या स्वस्त मालासारख्या होत्या. प्रत्यक्षात मात्र त्यातला तुकडा न् तुकडा हाताने ठोकून, घासून, जुळवून केलेला होता आणि किंमत हस्तकामाचीच पडत होती. जुने कारखानदार यंत्राकडून हाताचे सोंग करवून घेत होते. या तरुण मंडळींनी हाताकडून यंत्राचे सोंग करवून घेतले होते, एवढाच काय तो फरक!

हा टोला वर्मी बसला. एखादा दुसरा असता तर व्यापाऱ्यांना अरसिक म्हणून मोकळा झाला असता. वागेनफेल्डने त्यातून धडा घेतला. यंत्रासारखे दिसणे आणि यंत्राने होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वस्तू खरोखर स्वस्त व्हायची असेल, तर तिचा आकार शाळेतल्या बाकावर ठरवून चालणार नाही. कारखान्यात जायला हवे, भट्टी पाहायला हवी, साचा करणाऱ्याशी बोलायला हवे. त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांचा प्रवास या एका जाणिवेतून निघाला असे म्हटले तर चूक होणार नाही.

१९२५ मध्ये राजकीय विरोधामुळे बाउहाउसला वायमार सोडून देसाऊला जावे लागले. वागेनफेल्ड मात्र वायमारमध्येच, बाउहाउसच्या जागी निघालेल्या नव्या शाळेत राहिला आणि १९२८ पासून तिथल्या धातुशाळेचा प्रमुख झाला. १९३० मध्ये त्या प्रांताच्या मंत्रिमंडळात नाझी पक्षाचा शिरकाव झाला, शाळेवर त्या विचाराचा संचालक बसला आणि वागेनफेल्डची नोकरी गेली. पण बंद झालेल्या या दाराच्या जवळच दुसरे एक दार उघडले. वायमारपासून थोड्याच अंतरावर येना हे गाव आहे. तिथे शॉट यांचा काचेचा कारखाना होता.

येनाच्या काचेची कथा थोडी समजून घेऊ, म्हणजे किटलीचे मर्म कळेल. साध्या काचेच्या पेल्यात उकळते पाणी ओतले की तो तडकतो. का तडकतो? काच उष्णता फार हळू वाहून नेते. आतली बाजू एकदम तापून फुगू पाहते, बाहेरची थंडच असते. एकाच भिंतीचा अर्धा भाग ताणू लागतो, अर्धा जागचा हलत नाही, आणि या ओढाताणीत काचेला तडा जातो. ओट्टो शॉट या रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेत बोरॉनचे ऑक्साइड मिसळून एक नवी काच सिद्ध केली. ही काच उष्णतेने फारच कमी फुगते; साध्या काचेच्या सुमारे एकतृतीयांश. आपल्याकडे ‘बोरोसिल’ या नावाने घरोघरी गेलेली काच याच कुळातली. येनाला ती प्रथम उष्णतामापक, प्रयोगशाळेतली पात्रे आणि दिव्यांच्या चिमण्या यांसाठी वापरत. स्वयंपाकघरात ती आली, पण येताना प्रयोगशाळेचा वास घेऊन आली. जाड, बोजड भांडी. उपयोगी खरी, पण टेबलावर मांडावी अशी नव्हेत.

१९३१ पासून वागेनफेल्ड या कारखान्यासाठी काम करू लागला. त्याच वर्षीची त्याची चहाची किटली आज जगातल्या अनेक संग्रहालयांत आहे. ती बसकी आणि रुंद आहे, तिची काच पातळ आहे, तोटी अंगातूनच उगवल्यासारखी वर येते. झाकण काचेचे, आणि आत चहाची पाने ठेवायचे गाळणेही काचेचेच. पाने गाळण्यात टाकायची, वरून उकळते पाणी ओतायचे, आणि रंग हवा तसा उतरला की गाळणे उचलून घ्यायचे. रंग बाहेरून दिसतोच. अंदाजाने थांबावे लागत नाही. आता या किटलीच्या पातळपणाकडे पाहा. तो केवळ नाजूक दिसण्यासाठी नाही. भिंत जितकी पातळ तितका तिच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंच्या तापमानातला फरक कमी, आणि तितका तडकण्याचा धोकाही कमी. जाड काच मजबूत, ही आपली समजूत उकळत्या पाण्यापुढे उलटी पडते. म्हणजे जे रूप डोळ्यांना हलके वाटते तेच काचेच्या धर्माला मानवणारे आहे. वस्तूचा आकार आणि वस्तूचा पदार्थ यांचे असे जमले की मग वरून वेलबुट्टी चिकटवण्याची गरजच उरत नाही.

तरीसुद्धा ही किटली कारागिराने नळीने फुंकून करावी लागे. तिचे मोल अगदी कामगाराच्या खिशाला परवडेल असे नव्हते. वागेनफेल्डचे म्हणणे असे होते की, वस्तू कामगाराला परवडेल इतकी स्वस्त असावी आणि श्रीमंताला पसंत पडेल इतकी चांगली असावी. ते साधण्याची संधी त्याला १९३५ मध्ये मिळाली. लाउझित्स भागातल्या वाइसवासर या गावी काचकारखान्यांचा एक प्रचंड समूह होता. त्याचा कलाविषयक प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. इथे पेले, बाटल्या, बरण्या, दौती लाखांच्या हिशेबाने निघत. महाग मालाबरोबरच इथला सगळ्यांत हलका समजला जाणारा माल होता दाबीव काचेचा. वागेनफेल्डने नेमके त्यालाच हात घातला.

दाबीव काच कशी करतात? वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. काच साचा आणि दट्ट्या यांच्यामधल्या पोकळीत पसरते, गोठते, की झाले भांडे तयार. फुंकणारा कसबी कारागीर लागत नाही, म्हणून ते स्वस्त. पण या पद्धतीचे दोषही आहेत. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे काचेवर शिवणीसारखी रेघ उमटते. थंड लोखंडाला लागून काचेच्या पृष्ठावर बारीक सुरकुत्या पडतात. हे दोष लपवायचे कसे? कारखानदारांनी साच्यालाच चांदण्या, फुले, पैलू कोरून ठेवले. त्या गर्दीत रेघ दिसेनाशी होते, आणि वर पैलू पाडलेल्या महाग काचेचा भासही होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! सपाट, कोरी बाजू ठेवायची म्हणजे मूठ उघडणे आले. साचा अचूक हवा, त्याची जुळणी घट्ट हवी, त्याची झिलई बिनचूक हवी. स्वस्त काच साधी करणे हे नक्षीदार करण्यापेक्षा कठीण असते, ही गोष्ट आपल्या सहज ध्यानात येत नाही.

१९३८ मध्ये या काचेतून ‘कुबुस’ नावाचा डब्यांचा संच निघाला. कुबुस म्हणजे घन. अन्न साठवण्याचे हे चौकोनी आणि लांबट काचडबे एकमेकांच्या मापाने बेतलेले आहेत. मोठ्याच्या जागेवर धाकटे नेमके बसतात, एकावर एक रचता येतात. यामागे साधा हिशेब आहे. चौकोनी खणात गोल भांडे ठेवले की चार कोपरे वाया जातात. ही वाया जाणारी जागा एकूण जागेच्या सुमारे २१ टक्के भरते. थंड कपाट लहान आणि महाग असेल तर हा पाचवा हिस्सा का सोडावा? शिवाय काच पारदर्शक, तेव्हा कुठल्या डब्यात काय उरले आहे हे झाकण न उघडता दिसते. आणि तोच डबा जेवणाच्या टेबलावर आणला तरी कसनुसे वाटत नाही. गृहिणीच्या फेऱ्या, भांडी आणि धुणे, तिन्ही कमी. त्याच साली त्याने पेलिकन कंपनीसाठी शाईची दौतही केली. ज्या वस्तूचे आयुष्य शाई संपेपर्यंतच, तिच्यासाठीही त्याने तेवढीच काळजी घेतली, ही गोष्ट मला किटलीइतकीच महत्त्वाची वाटते.

सालांकडे आपले लक्ष गेले असेल. १९३५, १९३८. जर्मनीत त्या वेळी काय चालले होते हे सर्वांना ठाऊक आहे. बाउहाउस १९३३ मध्ये बंद पडले, तिथले कितीतरी लोक देश सोडून गेले. वागेनफेल्ड राहिला आणि त्याने काम केले. त्याच्या काचसामानाला त्या राजवटीतही बाजारात आणि प्रदर्शनांत मान होता. नितळ काचेला राजकारण चिकटत नाही असे म्हणणे सोपे आहे, पण काच ज्या कपाटात ठेवायची ते घर तर त्याच देशातले होते. त्याने नाझी पक्षाचे सभासदत्व घेतले नाही, हेही खरे. युद्धात त्याला पूर्व आघाडीवर धाडण्यात आले, आणि तिथून तो रशियनांचा युद्धकैदी झाला. या काळाकडे पाहताना त्याला वीर ठरवण्याची गरज नाही, आणि ज्याची किंमत त्याने मोजली ते विसरण्याचीही नाही.

युद्धानंतर परत आल्यावर काही काळ त्याने बर्लिनला अध्यापन केले. १९४८ मध्ये त्याचे निबंध पुस्तकरूपाने निघाले. आपल्या भोवतालच्या वस्तूंचे स्वरूप आणि आकार हा त्यांचा विषय. मग १९५० पासून दक्षिण जर्मनीतल्या गाइसलिंगेनच्या वेएमएफ या धातूसामानाच्या मोठ्या कारखान्याशी त्याचा संबंध आला. देश उद्ध्वस्त झालेला, घरे नव्याने उभी राहत होती आणि त्यांत रिकामी कपाटे होती. चांदीला घासपूस लागते आणि पैसाही लागतो. स्टेनलेस स्टीलला दोन्ही कमी लागतात. वागेनफेल्डने या पोलादातून अंडे ठेवण्याचे कप, तबके, लोण्याची भांडी, सुऱ्या-चमचे असे कितीतरी सामान घडवले.

त्यातली सगळ्यांत लाडकी झालेली जोडी म्हणजे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली मीठदाणी आणि मिरपूडदाणी. जर्मन मुलांच्या गोष्टीतल्या दोन खोडकर पोरांवरून तिचे नाव पडले ‘माक्स उंड मोरित्स’. काचेच्या दोन छोट्या कुप्या, कमरेत बारीक, डोक्यावर पोलादी टोपी, आणि दोघी एका होडीसारख्या तबकडीत शेजारी शेजारी बसलेल्या. कमर बारीक का? कारण तिथे दोन बोटे आपोआप बसतात आणि तेलकट हातातूनही कुपी निसटत नाही. काच का? आत काय आहे आणि किती आहे हे दिसावे म्हणून. टोपीवर म आणि मि लिहायची गरजच पडत नाही! अशी वस्तू हातात घेतली की तिचा वापर कुणी शिकवावा लागत नाही. बोटांनाच तो कळतो.

१९५४ मध्ये त्याने श्टुटगार्टला स्वतःची कार्यशाळा काढली आणि ती १९७८ पर्यंत चालवली. इथे कागदावरच्या चित्राला फारसा भाव नव्हता. प्लास्टरचे, लाकडाचे नमुने करायचे, हातात धरायचे, ओतून पाहायचे, पुन्हा तासायचे. लुफ्तहान्सा या विमान कंपनीसाठी हलक्या प्लास्टिकची जेवणाची भांडी त्याने १९५५ च्या सुमारास केली. ब्राउन कंपनीसाठी रेडिओ-ग्रामोफोनची पेटी केली. आणि तो पुन्हा दिव्यांकडे वळला.

पण हे दिवे लाइपझिगला हसू झालेल्या दिव्यासारखे नव्हते. ड्यूरेनच्या पाइल उंड पुट्सलर आणि बामबेर्गच्या लिंडनर या कारखान्यांसाठी त्याने जे दिवे केले, ते स्वयंपाकघर, स्नानघर, जिना आणि बोळ यांसाठी होते. या जागांची अडचण काय? वाफ, ओल, तेलाची पुटे आणि किडे. धातूला गंज चढतो, कापडी छत्री तर कुजतेच. म्हणून भिंतीला लागणारी बैठक चिनी मातीची, आणि तिच्यावर घट्ट बसणारी दुधी काच. चिनी माती गंजत नाही, वीज वाहू देत नाही. दुधी काच फडक्याने पुसली की झाली नवी. गोल, लांबट, कलती अशी थोडकीच रूपे. जिन्यात असा दिवा लागलेला असेल तर वर पाहून ‘काय सुरेख दिवा!’ असे कुणी म्हणणार नाही. पायरी नीट दिसेल, डोळे दिपणार नाहीत, एवढेच. १९२४ मध्ये जे त्याला करायचे होते ते खऱ्या अर्थाने इथे, तीस वर्षांनी झाले.

त्याच्या या वाटेवर आक्षेप घेता येतात. साधेपणाचा हा आग्रह कित्येकांना कोरडा वाटतो. माणसाला फुलाची, नक्षीची हौस असते. ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तीत काही पाप नाही. सगळ्या जगाने एकाच नितळ किटलीतून चहा का प्यावा? हा आक्षेप रास्त आहे. मात्र वागेनफेल्डचा झगडा हौसेशी नव्हता. हौसेच्या नावाखाली दोष झाकण्याशी आणि गरिबाच्या हातात नकली वस्तू देण्याशी होता. नुसती उपयुक्तताही त्याला पुरेशी वाटत नसे. वस्तू उपयोगी पडलीच पाहिजे, ती तर पहिली पायरी. ध्येय त्याच्या पुढे आहे, असे तो मानी. रोज हाती येणारी वस्तू नीटस असेल तर रोजच्या जगण्यालाही थोडा नीटसपणा येतो, अशी त्याची श्रद्धा होती. आणि कारखान्यात वस्तू अनेकांच्या हातून घडते, तेव्हा तिच्यावर एकट्याने कलावंताचा तोरा मिरवू नये, असेही त्याला वाटे.

आता या चरित्रातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट. १९८० मध्ये वागेनफेल्डच्या संमतीने ब्रेमेनच्या टेक्नोलुमेन या कंपनीने १९२४ चा तो मेजावरचा दिवा पुन्हा बाजारात आणला. आज प्रत्येक दिव्याला क्रमांक असतो, किंमत काही शे युरो असते, आणि त्याच्या नकला इतक्या झाल्या की प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. ‘वागेनफेल्डचा दिवा’ म्हणूनच तो जगाला ठाऊक आहे. ज्याने जन्मभर स्वस्त वस्तूंचा ध्यास घेतला, त्याचे नाव आज एका महाग वस्तूवर लागले आहे. उलट ज्या डब्यांनी, दौतींनी, पेल्यांनी आणि जिन्यातल्या दिव्यांनी लक्षावधी घरांत निमूटपणे काम केले, त्यांच्याबरोबर त्याचे नाव घेणारे जाणकारच.

याला दैवदुर्विलास म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. प्रसिद्ध दिवा हे त्याने विचारलेल्या प्रश्नाचे चिन्ह आहे. उत्तर मात्र त्या बिननावाच्या वस्तूंत आहे. चांगले आणि स्वस्त यांचे जमते. पण त्यासाठी कुणाला तरी भट्टीपाशी उभे राहावे लागते, साच्याची जुळणी पुन्हा पुन्हा तपासावी लागते आणि शेवटी आपले नाव पुसले जाऊ द्यावे लागते. तेव्हा पुढच्या वेळी बाजारात एखादी साधी बरणी हातात येईल तेव्हा ती नुसती वाजवून पाहू नका. तिचे झाकण एका हाताने निघते का, तिच्या कोपऱ्यात बोट पोहोचते का, तिच्यावरची नक्षी शोभेसाठी आहे की काही लपवण्यासाठी, हेही पाहा. आणि सगळे नीट जमलेले आढळले, तर समजा की कुणा अनोळखी माणसाने तुमची आठवण ठेवून ती केली आहे.